कंपनीचं फ्यूल कार्ड घ्यावं की नको? नागपूरच्या नोकरदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिलमध्ये कंपनी पगाराची नवी मांडणी भरायला सांगते आणि जानेवारीत पुरावे मागते. या दोन्ही मोसमांत बुटीबोरी, हिंगणा आणि मिहानकडून तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १९६१ च्या कायद्याखालचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू होतो. त्यानंतरच्या महिन्यांसाठी नव्या नियमांतला आकडा घाला, हिशेब मात्र असाच करा. उदाहरणांत पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज १५ किलोमीटर धरलं आहे. करात ४ टक्के सेस मिळवलेला आहे, त्यामुळे ३० टक्क्यांच्या जागी ३१.२ आणि २० च्या जागी २०.८ दिसेल.

१. फ्यूल कार्ड म्हणजे क्रेडिट कार्डच ना?

नाही. हे कंपनीच्या खात्याला जोडलेलं प्रीपेड किंवा मर्यादा घातलेलं कार्ड असतं आणि ते ठरावीक ठिकाणीच चालतं. इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट आणि हिंदुस्थान पेट्रोलियमचं ड्राइव्ह ट्रॅक प्लस ही ट्रकवाल्यांच्या ओळखीची नावं. नोकरदारांना बहुधा बेनिफिट कार्ड मिळतं, त्यातच पेट्रोलचा एक कप्पा असतो. कर ठरवताना कार्ड कोणाचं ते कोणी बघत नाही. गाडी कोणाची आणि वापर कसला, एवढंच बघतात.

२. कार्डावर टाकलेल्या पेट्रोलवर कर लागतो का?

लागतो, पण बिलाच्या रकमेवर लागेलच असं नाही. कंपनीने दिलेली सोय म्हणजे पर्क. त्याची किंमत नियमाप्रमाणे काढून पगारात मिळवतात.

गाडी कंपनीच्या मालकीची किंवा कंपनीने भाड्याने घेतलेली असेल, वापर थोडा कामाचा आणि थोडा घरचा असेल आणि सगळा खर्च कंपनी करत असेल, तर १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिन्याला १,८०० रुपये पर्क धरतात. इंजिन त्याहून मोठं असेल तर २,४००. क्रेटाचं १.५ लिटर इंजिन पहिल्या गटात बसतं, स्कॉर्पिओ एन किंवा डिझेल हॅरिअर दुसऱ्या. घरगुती वापराचा खर्च तुम्ही स्वतः करत असाल तर हेच आकडे ६०० आणि ९०० होतात. महिन्याला दोन हजारांचं पेट्रोल जाळा की वीस हजारांचं, पर्क तेवढंच.

गाडी तुमची स्वतःची असेल तर गणित उलटं आहे, ते प्रश्न ७ मध्ये.

आणखी एक गोष्ट. कंपनीच्या गाडीचं पर्क सगळ्यांना लागत नाही. संचालक, कंपनीत मोठा हिस्सा असलेले आणि वर्षाला ४ लाखांहून अधिक रोख पगार घेणारे यांनाच लागतं. पूर्वी ही मर्यादा ५०,००० होती, म्हणजे प्रत्यक्षात कोणीच सुटत नव्हतं.

३. गाडी कंपनीची आहे. कार्ड घेऊ की पेट्रोल माझ्या खिशातून टाकू?

कार्ड वरून मिळत असेल, म्हणजे त्यापोटी पगारातून काही कापत नसतील, तर बहुतेकांनी ते घ्यावं.

कार्ड नाकारलं तरी ६०० चं पर्क लागतंच, कारण गाडी तर दिलेलीच आहे. कार्ड घेतलं की ते १,८०० होतं. म्हणजे कार्डामुळे वाढलेलं पर्क महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४००. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर त्यावर कर पडतो ४,४९३ रुपये. तेवढ्यात ४३ लिटर पेट्रोल येतं आणि ४३ लिटरमध्ये गाडी साधारण ६५० किलोमीटर धावते. घरच्या कामाने दोनदा चंद्रपूरला जाऊन आलात की कराचे पैसे जवळपास वसूल. २० टक्केवाल्यांना हाच कर २,९९५ पडतो, म्हणजे २९ लिटर. मोठ्या इंजिनाला ९०० आणि २,४०० यांतला फरक धरायचा. ३० टक्क्यांना ५,६१६ रुपये, सुमारे ५४ लिटर.

शिवाय त्या १,८०० मध्ये पेट्रोलबरोबर सर्व्हिसिंग, टायर आणि विमाही येतो. ६०० चा मार्ग धरला तर घरगुती वापराच्या वाट्याचा हा खर्चही तुम्हीच करायचा आणि घरचे किलोमीटर वेगळे मांडून दाखवायचे. ही कटकट कोणी करत नाही.

वर्षभर गाडी प्लांट आणि घर एवढीच फिरते, रविवारी ती जागची हलत नाही, असं असेल तरच नाही म्हणा. त्याआधी प्रश्न ११ मात्र वाचा.

४. एचआर म्हणते, कार्डाची रक्कम सीटीसीतून, म्हणजे ठरलेल्या एकूण वार्षिक पगारातून जाईल. तरी घ्यायचं?

खरा प्रश्न हाच आहे, आणि फॉर्म भरताना तो विचारायचा राहून जातो. कार्ड वरून मिळालं तर हिशेब पर्क आणि पेट्रोल यांच्यात असतो. सीटीसीतून गेलं तर ते तुमचेच पैसे आहेत, फक्त त्यांच्यावर ‘पेट्रोल’ असा शिक्का बसला.

समजा गाडी कंपनीची आहे आणि स्पेशल अलाउन्समधून महिन्याला ६,००० कार्डात वळवले. पगार ६,००० ने घटला, पर्क १,२०० ने वाढलं. करपात्र रक्कम महिन्याला ४,८०० ने आणि वर्षाला ५७,६०० ने कमी झाली. ३० टक्केवाल्याचे १७,९७१ रुपये वाचले. हे ६,००० तुम्ही पेट्रोलवर एरवीही घालवणारच असाल तर डोळे झाकून घ्या.

आता दुसरी बाजू. पेट्रोल ३,००० चंच लागतं, पण ‘टॅक्स वाचतो’ म्हणून ६,००० वळवले. उरलेल्या ३,००० चं काय होतं ते कंपनीच्या पॉलिसीवर आहे. काही ठिकाणी मार्चअखेर शिल्लक करपात्र पगार म्हणून परत देतात. तसं असेल तर नुकसान नाही, फक्त पैसे अडकून पडतात. काही ठिकाणी शिल्लक लॅप्स होते, म्हणजे बुडते. तिथे वर्षाला ३६,००० गेले, आणि ते वाचलेल्या करापेक्षा जास्त आहेत. म्हणून मागच्या उन्हाळ्यातली आणि दिवाळीतली मिळून सहा महिन्यांची पेट्रोलची बिलं काढा, सरासरी घ्या आणि कार्डात त्याहून थोडी कमीच रक्कम टाका. जास्तीचं पेट्रोल खिशातून भरायला काही हरकत नाही.

आणि तुमचा कर मुळातच शून्य येत असेल तर सीटीसीतून कार्ड घेऊच नका. वाचायला करच नाही, मग रोख पैसा पेट्रोलमध्ये कशाला बांधून ठेवायचा? नव्या कर प्रणालीत स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारातून सरसकट वजा होणारे ७५,००० धरून १२.७५ लाखांपर्यंत पगार असणारे बरेच जण इथे येतात.

५. नवीन कर प्रणालीत फ्यूल कार्ड चालत नाही असं ऑफिसात सांगतात. खरं का?

कंपनीच्या गाडीसाठी तरी खरं नाही. नव्या प्रणालीने एचआरए (घरभाडे भत्ता), ८०सी (गुंतवणुकीवरची वजावट) आणि जेवणाच्या कूपनांची सूट काढली. गाडीचे १,८०० आणि २,४०० ही सूट नाही, पर्कची किंमत काढायची पद्धत आहे. ती दोन्ही प्रणालींत चालते. घोळ जेवणाच्या कूपनांमुळे होतो, कारण दोन्ही बहुधा एकाच कार्डावर असतात. काही कंपन्या मात्र आपल्या पॉलिसीतच नव्या प्रणालीवाल्यांना पेट्रोलचा कप्पा देत नाहीत. तो त्यांचा निर्णय, त्याचा दोष कायद्याला देऊ नका.

६. माझा पगार तेरा लाखांच्या आसपास आहे. मला काही वेगळं लागू होतं का?

हो, आणि चांगलंच वेगळं. नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कर शून्य. त्याच्या जरा वर गेलात की मार्जिनल रिलीफ लागतो: १२ लाखांच्या वर जितके रुपये, तितकाच कर, वर सेस. हा पट्टा साधारण १२,७०,५०० पर्यंत चालतो. या पट्ट्यात वाढलेला प्रत्येक रुपया अख्खा करात जातो.

रोख पगार १३,२०,००० आहे, गाडी कंपनीची आहे आणि पेट्रोल तुम्ही टाकता असं धरा. पर्क ७,२०० मिळवा, ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन वजा करा. करपात्र १२,५२,२००, कर सेससकट ५४,२८८. आता महिन्याला ५,००० कार्डात वळवा. पगार १२,६०,०००, पर्क २१,६००, करपात्र १२,०६,६००, कर ६,८६४. फरक ४७,४२४ रुपये. साठ हजारांचं पेट्रोल जवळजवळ कराच्या पैशात आलं. स्लॅबची टक्केवारी बघून बसलेल्या माणसाला हे दिसतच नाही.

उलटही होतं. रोख पगार १२,६०,००० असेल आणि कार्ड नसेल तर करपात्र ११,९२,२०० आणि कर शून्य. तेच कार्ड कंपनीने वरून दिलं तर करपात्र १२,०६,६०० होतं आणि ६,८६४ रुपये भरावे लागतात. प्रश्न ३ मधली ४३ लिटरची खूण इथे ६६ वर जाते. तरीही बहुतेकांना ते परवडतं, पण मेच्या पगारपत्रकात टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापलेला कर दिसला की दचकू नका.

७. गाडी माझी, कार्ड कंपनीचं. मग?

इथे १,८०० हे पर्क नसून वजावट आहे. कार्डावर झालेल्या खर्चातून महिन्याला १,८०० (मोठ्या इंजिनाला २,४००) वजा करतात आणि उरलेलं करपात्र. ६,००० खर्च झाला तर ४,२०० वर कर.

कार्ड वरून मिळालं तर अर्थातच घ्या. करापोटी १,३१० गेले तरी ६,००० चं पेट्रोल आलं. सीटीसीतून असेल तर वाचतो तो फक्त १,८०० वरचा कर, ३० टक्केवाल्याला महिन्याला ५६२ रुपये. त्यासाठी दरमहा बिलं चढवायची, शिल्लक लॅप्स होईल म्हणून धास्ती बाळगायची. माझं मत विचाराल तर २० टक्क्यांच्या खाली असलेल्यांनी या फंदात पडू नये. बहुतेक पेरोलवाले स्वतःच्या गाडीला १,८०० किंवा २,४०० च्या वर कार्ड देतच नाहीत, तेही याच कारणाने.

गाडी खरोखर कामासाठी फिरत असेल तर चित्र पालटतं. त्यासाठी पुढचा प्रश्न.

८. मी सेल्समध्ये आहे. यवतमाळ, वर्धा, उमरेड, सगळं माझ्याच गाडीने. तरी फक्त १,८०० च?

नाही. कामाचा खर्च त्याहून जास्त आहे असं दाखवता आलं तर तेवढी जास्त रक्कम वजा होते. अटी दोन. प्रत्येक फेरीची तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च यांची नोंद कंपनीकडे हवी, आणि हा खर्च कामासाठीच झाला असं कंपनीने प्रमाणपत्र द्यायला हवं.

महिन्याचा खर्च १२,००० असून त्यातला ८,४०० कामाचा असेल, तर नोंद ठेवल्यास करपात्र ३,६०० राहतात, नोंद नसल्यास १०,२००. २० टक्केवाल्याला वर्षाला १६,४७४ रुपयांचा फरक पडतो. एवढ्या पैशासाठी संध्याकाळी दोन ओळी लिहायला हरकत नसावी. नोंदी मार्चमध्ये एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेल्या असल्या की त्या कुणालाही ओळखू येतात. टूर प्रोग्रॅम, हॉटेलचं बिल आणि फास्टॅगचं स्टेटमेंट यांच्याशी त्या जुळायला हव्यात. समृद्धीवरून वर्ध्याला गेलो असं लिहिलं आणि त्या दिवशी फास्टॅगवर टोलच नाही, असं व्हायला नको.

कंपनी कार्डाऐवजी कामाच्या प्रवासाचा भत्ता देत असेल तर प्रत्यक्ष खर्च झाला तेवढा भत्ता करमुक्त असतो, नव्या प्रणालीतही. फिरतीच्या माणसाला कधी कधी हाच मार्ग जास्त सोपा पडतो.

९. गाडीची आरसी (नोंदणी) बायकोच्या किंवा बाबांच्या नावावर आहे. चालेल का?

नियमात ‘कर्मचाऱ्याच्या मालकीची’ गाडी म्हटलं आहे. आरसीवर तुमचं नाव नसेल तर १,८०० ची वजावट धरता येत नाही आणि कार्डावरचा घरगुती खर्च पूर्ण करपात्र होतो. पेरोलवाले म्हणूनच आरसीची प्रत मागतात.

१०. माझ्याकडे गाडी नाही, अ‍ॅक्टिव्हा आहे. आम्हाला काही नाही का भाऊ?

आहे ना. स्वतःच्या दुचाकीला महिन्याला ९०० ची वजावट, बाकी सगळं प्रश्न ७ आणि ८ प्रमाणे. ९०० म्हणजे पावणेनऊ लिटर. मनीषनगरहून सीताबर्डीला रोज जाणाऱ्याला तेवढं सहज लागतं, त्यामुळे लॅप्स व्हायची भीती कमी. २० टक्केवाल्याचे वर्षाला २,२४६ रुपये वाचतात. औषध कंपन्यांच्या एमआर मंडळींनी मात्र ९०० वर समाधान मानू नये, त्यांनी प्रश्न ८ ची नोंदवही ठेवावी.

११. घरून प्लांटला जाणं हा घरगुती वापर धरतात का?

कंपनीने दिलेल्या गाडीसाठी नाही. घर ते कामाची जागा आणि परत, एवढा प्रवास पर्क मानायचा नाही असं कायद्यातच लिहिलं आहे. म्हणून वर्धा रोडने रोज बुटीबोरीला जाऊन येता ते ५०-६० किलोमीटर प्रश्न ३ च्या ६५० मध्ये मोजू नका. त्यात फक्त घरचे किलोमीटर येतात: लग्नं, रामटेक, पेंच, मुलांच्या शिकवण्या.

१२. कंपनी गाडीपोटी पगारातून १,००० कापते. मग पर्क ८०० च राहील ना?

राहणार नाही. मिश्र वापराच्या गाडीत तुमच्याकडून घेतलेली रक्कम १,८०० मधून वजा होत नाही. १,००० ही गेले आणि पर्कही पूर्ण लागलं. गाडी निव्वळ खासगी वापरासाठी दिली असेल तरच अशी वजावट मिळते. तिथे मात्र पर्क प्रत्यक्ष खर्च आणि गाडीच्या किमतीच्या वर्षाला १० टक्के असं मोजतात, म्हणजे भलतंच महाग. अशी कापणी चालू असेल तर एचआरशी बोलून बंद करा, किंवा घरगुती खर्च खरोखर स्वतः करून ६०० च्या गटात जा. अर्धवट पैसे भरण्याचा काही उपयोग नाही.

१३. बहीण लंडनला असते. ती म्हणते, कंपनीचं पेट्रोल कधीच घ्यायचं नाही, करात बुडतो माणूस. ती चुकते का?

तिच्या देशापुरतं ती बरोबर आहे. ब्रिटनमध्ये कंपनीच्या गाडीत खासगी वापराचं पेट्रोल घेतलं की वेगळा फ्यूल बेनिफिट लागतो. २०२५-२६ साठी २८,२०० पौंड हा ठरलेला आकडा, त्याला गाडीच्या कार्बन उत्सर्जनावर ठरणाऱ्या टक्केवारीने गुणायचं. गाडी ३० टक्क्यांत बसत असेल तर करपात्र रक्कम ८,४६० पौंड, आणि ४० टक्के कर भरणाऱ्याला ३,३८४ पौंड. पेट्रोल लिटरला १.३५ पौंड धरलं तर हे अडीच हजार लिटर झाले. आपल्याकडे ४३. शिवाय तिथे घर ते ऑफिस हाही खासगी प्रवास धरतात. खासगी पेट्रोलचे पैसे कंपनीला पै न् पै परत केले तर तो कर सुटतो, थोडे ठेवले तर पूर्ण लागतो. इंटरनेटवर ‘कार्ड नको’ सांगणारे बरेच सल्ले तिकडचे असतात. ते वाचून इथला फॉर्म भरू नका.

१४. कंपनीच्या कार्डावर मुलाच्या बाईकमध्ये पेट्रोल टाकलं तर?

कर आणि नोकरी दोन्ही बाजूंनी वाईट. कार्ड एका गाडीला जोडलेलं असतं, अनेक कार्डांवर गाडीचा नंबरही नोंदलेला असतो. दुसऱ्या गाडीतलं पेट्रोल ठरावीक १,८०० मध्ये बसत नाही, त्याची पूर्ण किंमत करपात्र. कंपनीने दोन गाड्या दिल्या असतील तर एकीला १,८०० चा हिशेब आणि दुसरी निव्वळ खासगी धरून प्रश्न १२ मधला महागडा हिशेब. खोटी बिलं जोडून उत्पन्न लपवल्याचं ठरलं तर त्यावरच्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो.

१५. ड्रायव्हर आणि इलेक्ट्रिक गाडी यांचं काय?

ड्रायव्हरचा पगार कंपनी देत असेल तर महिन्याला आणखी ९०० पर्क, गाडी लहान असो की मोठी. इलेक्ट्रिक गाडीला सीसी नसतात, म्हणून बहुतेक पेरोल लहान इंजिनाचाच आकडा लावतात. पण घरच्या मीटरवरचं चार्जिंग कार्डावर येत नाही. पार्किंगमध्ये रात्री चार्ज करणाऱ्याने सीटीसीतून पेट्रोलचा कप्पा घेण्यात अर्थ नाही.

१६. पावत्या जपायच्या कशा? माझ्या तर कोऱ्या होतात.

पंपावरची पावती थर्मल कागदाची असते. मेमध्ये नागपुरात पारा ४५ च्या आसपास असताना ती डॅशबोर्डवर राहिली की अक्षरं उडाली म्हणून समजा. घेतल्या घेतल्या फोटो काढा, त्यात गाडीचा नंबर, तारीख आणि लिटर दिसायला हवेत. कंपनीच्या गाडीला ठरावीक पर्क असल्याने पावत्या कराइतक्याच कंपनीच्या ऑडिटला लागतात. स्वतःच्या गाडीला त्या नसतील तर पूर्ण रक्कम करपात्र.

१७. कार्डाने घेतलं तर कंपनीला जीएसटी परत मिळतो का?

पेट्रोल आणि डिझेल जीएसटीत नाहीतच, त्यावर राज्याचा व्हॅट आहे. परत काही मिळत नाही. कंपनीला तो सरळ खर्च दाखवता येतो.

१८. पगार कमी दिसल्याने गृहकर्जाला अडचण येते का?

येऊ शकते. बँक पगारपत्रकातली रोख रक्कम बघते आणि कार्डात वळवलेले ६,००० तिथे दिसत नाहीत. वर्षभरात कर्ज घ्यायचं असेल तर कार्ड पुढच्या एप्रिलवर ढकला. एचआरए आणि पीएफ मूळ पगारावर चालतात. रक्कम स्पेशल अलाउन्समधून गेली, बेसिकमधून नाही, एवढं तपासून घ्या.

१९. नोकरी सोडताना कार्डातल्या शिल्लकेचं काय?

राजीनामा देण्याआधी पॉलिसी वाचा. शेवटच्या दिवशी कार्ड बंद होतं आणि शिल्लक एकतर अंतिम हिशेबात करपात्र पगार म्हणून मिळते, किंवा प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे लॅप्स होते. नोटीस पीरियड लागला की कार्डात नवीन रक्कम भरणं थांबवायला सांगा आणि टाकी शिल्लकेतून भरत राहा. नव्या कंपनीला फॉर्म १६ बरोबर फॉर्म १२बीएही द्या. जुन्या ठिकाणचं पर्क त्यात असतं. ते राहून गेलं की रिटर्न भरताना जुलैमध्ये कराची रक्कम अचानक पुढे येते.